पाहणे, दिसणे आणि असणे : सेझानच्या निमित्ताने एक विचार

आधुनिक चित्रकला वस्तूंचे अनुकरण करीत नाही, ती 'असणे' प्रकट करते, हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात आता चांगलेच रुळले आहे. चर्चासत्रांतील निबंधांतून, प्रबंधांच्या प्रास्ताविक प्रकरणांतून, क्वचित पदव्युत्तर वर्गातील व्याख्यानांतूनही ते कानावर येते. हायडेगर व मर्लो-पाँती यांची नावे त्याच्या मागेपुढे उच्चारली जातात, व्हॅन गॉगचे बूट किंवा सेझानचा डोंगर यांचा निर्देश होतो आणि विवेचन पुढे सरकते. या विधानाला माझा विरोध नाही. ते ज्या सुलभतेने उच्चारले जाते, त्या सुलभतेला माझा आक्षेप आहे. 'असणे प्रकट करते' हे शब्द कोणत्याही चित्राविषयी, किंबहुना कोणत्याही कवितेविषयी वापरता येत असतील आणि ते चुकीचे ठरण्याची शक्यताच कोठे उरत नसेल, तर त्यांना गौरवोद्गार म्हणावे लागेल. समीक्षा म्हणता येणार नाही.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच की, या विधानाला अर्थ प्राप्त होतो तो कॅनव्हासवर. चित्रातील रंग, रेषा, कडा आणि मोकळ्या सोडलेल्या जागा यांच्यापाशी ते पडताळून पाहता आले, तरच ते विधान राहते. या कसोटीवर हायडेगरचे सुप्रसिद्ध विवेचन अपुरे पडते, तर मर्लो-पाँतीचे १९४५ मधील विवेचन बऱ्याच अंशी टिकते, असे माझे मत आहे. हा फरक केवळ दोन युरोपीय विचारवंतांमधला नाही. मराठी सौंदर्यशास्त्राने मर्ढेकरांपासून जी वाट चालविली, तिच्याशीही त्याचा संबंध पोहोचतो.

१

प्रथम शब्दांविषयी. 'फिनॉमिनॉलॉजी' या संज्ञेसाठी मराठीत एकच सर्वमान्य पर्याय रुजलेला नाही, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. 'प्रतिभास' यासारख्या शब्दावर तो पर्याय उभारावा, तर एक अडचण येते. मराठीत 'भास' म्हटले की खोटेपणाची छटा येतेच. दोरीच्या ठिकाणी सापाचा भास व्हावा, तशी. हुसर्लला अभिप्रेत असलेले 'फिनॉमिनॉन' याच्या नेमके उलट आहे. वस्तू जशी आपल्यापुढे येते, जशी आपणांस दिसते, तसे तिचे येणे म्हणजे फिनॉमिनॉन. त्याच्यामागे दडलेल्या 'खऱ्या' वस्तूचा शोध तूर्त बाजूला ठेवावा आणि या येण्याच्या रीतीचेच वर्णन करावे, ही हुसर्लची पद्धती होय.

या संदर्भात मराठी भाषेतील एक साधा भेद उपयोगी पडतो. 'मी डोंगर पाहतो' आणि 'मला डोंगर दिसतो' ही दोन वाक्ये आपण सहज वापरतो. पहिल्यात मी कर्ता आहे आणि डोंगर हे माझ्या क्रियेचे कर्म आहे. दुसऱ्यात डोंगर कर्ता झाला आहे आणि मी चतुर्थीत सरकलो आहे. दिसणे हे डोंगराकडून माझ्याकडे येते. व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही फिनॉमिनॉलॉजी हे 'पाहण्या'पेक्षा 'दिसण्या'चे तत्त्वज्ञान आहे, असे म्हटल्यास मराठी वाचकाला त्याची दिशा लवकर कळेल. त्याचप्रमाणे 'अस्तित्व' या नामाऐवजी 'असणे' हे क्रियावाचक रूप येथे वापरले आहे. 'अस्तित्व' म्हटले की आपल्याकडे सार्त्र, काम्यू आणि साठोत्तरी साहित्यचर्चेतील एकाकीपणा, निरर्थकता इत्यादी कल्पना आपोआप जाग्या होतात. येथील प्रश्न तो नाही. एखादी वस्तू 'आहे', म्हणजे ती आपल्यापुढे कशी उभी असते, असा येथील प्रश्न आहे.

हुसर्लने १२ जानेवारी १९०७ रोजी कवी हॉफमन्स्टाल यास लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. फिनॉमिनॉलॉजीला लागणारी वृत्ती ही सौंदर्यग्रहणाच्या वृत्तीची निकटची नातलग आहे, असा विचार त्यात हुसर्लने मांडला आहे. दोन्हींमध्ये जग खरोखर तसे आहे की नाही, हा व्यावहारिक प्रश्न स्थगित होतो आणि दिसण्याकडे लक्ष वळते. सेझानच्या मृत्यूला त्या वेळी तीन महिनेही झाले नव्हते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु तत्त्वज्ञ आणि चित्रकार एकाच काळात, एकमेकांच्या नकळत, एकाच प्रश्नाशी झुंजत होते, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

२

हायडेगरने 'कलाकृतीचे मूळ' या विषयावर १९३५ व १९३६ मध्ये व्याख्याने दिली. ती १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साधन म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी तो व्हॅन गॉगच्या बुटांच्या चित्राचा आधार घेतो. साधनाची गंमत अशी की, ते उत्तम चालत असते तेव्हा आपल्या लक्षातच येत नाही. शेतात राबणाऱ्या स्त्रीला आपल्या बुटांचा विचार करावा लागत नाही. तिचा त्यांच्यावर भरवसा असतो. हा भरवसा, आणि त्यामागील तिचे श्रम, ऋतू, चिंता यांचे सगळे जग, चित्रात उघडे होते, असे हायडेगर म्हणतो. सत्य म्हणजे विधान आणि वस्तू यांचा मेळ नव्हे. सत्य म्हणजे झाकलेल्याचे उघडे होणे. कलाकृतीत असे उघडे होणे घडते, हा त्याचा सिद्धांत आहे.

सिद्धांत महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु चित्राचे काय झाले? अमेरिकन कलेतिहासकार मेयर शपीरो याने १९६८ मध्ये या विवेचनावर आक्षेप घेतला. व्हॅन गॉगने बुटांची अनेक चित्रे काढली आहेत. हायडेगरच्या मनात नेमके कोणते होते, असे शपीरोने त्यास पत्राने विचारले. मार्च १९३० मध्ये अॅमस्टरडॅम येथील प्रदर्शनात पाहिलेले चित्र, असे उत्तर आले. त्यावरून शपीरोने ते १८८६ चे चित्र असावे असे ठरविले. ते वर्ष व्हॅन गॉगच्या पॅरिसमधील वास्तव्याचे आहे. हे बूट शेतकरी स्त्रीचे नसून स्वतः चित्रकाराचे, त्या काळी शहरात राहणाऱ्या माणसाचे आहेत, असा शपीरोचा निष्कर्ष आहे. हा लेख त्याने मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डश्टाइन याच्या स्मरणार्थ निघालेल्या संग्रहासाठी लिहिला होता. हायडेगरच्या निबंधाकडे शपीरोचे लक्ष गोल्डश्टाइननेच वेधले होते. १९३३ मध्ये जर्मनी सोडावा लागलेल्या गोल्डश्टाइनची स्मृती आणि त्याच वर्षी फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारून नाझी पक्षात प्रवेश करणाऱ्या हायडेगरची शेतमातीची ओढ, ही दोन्ही या वादाच्या पार्श्वभूमीवर आहेत, हे विसरता येत नाही. पुढे १९७८ मध्ये देरिदाने दोघांनाही धारेवर धरले. बूट कोणाचे, हे ठरवून ते कोणाच्या तरी पायांत घालण्याची घाई दोघांनाही का झाली आहे, आणि ते एकाच जोडीचे आहेत हे तरी कशावरून, असे त्याचे प्रश्न होते.

या वादाची आपल्याकडील चर्चा बहुधा 'बूट कोणाचे' या प्रश्नापाशी थांबते. माझ्या मते अधिक गंभीर अडचण वेगळी आहे. हायडेगर स्वतःच नमूद करतो की, चित्रात बुटांभोवती काहीच नाही. केवळ अनिश्चित अवकाश आहे, शेतातील मातीचे ढेकूळही त्यांना चिकटलेले नाही. आणि लगेच पुढे शेतवाट, ओली जमीन, पिकणारे धान्य यांचे भावपूर्ण वर्णन येते. म्हणजे जे कॅनव्हासवर नाही, असे तो स्वतः सांगतो, तेच त्याला त्यात दिसते. येथे एक सोपी परीक्षा करून पाहावी. चित्राच्या जागी त्याच बुटांचे छायाचित्र ठेवले, किंवा प्रत्यक्ष जुने बूट ठेवले, तर हायडेगरच्या वर्णनातील कोणते वाक्य बदलावे लागेल? बहुधा एकही नाही. चामड्याच्या सुरकुत्या उभ्या करणारे जाड रंगलेपन, जमीन आणि पार्श्वभूमी यांतील सीमारेषेची धूसरता, सुटलेल्या नाड्यांची वळणे यांचा त्या वर्णनात उल्लेख नाही. त्याच निबंधात पुढे, कलेत रंग वापरून संपून जात नाही, उलट तेथेच तो खऱ्या अर्थाने झळकू लागतो, अशा आशयाचे अतिशय मोलाचे निरीक्षण येते. परंतु ते तो बुटांच्या चित्राला लावून पाहत नाही. परिणामी चित्र हे तत्त्वज्ञानाला निमित्त होते, साक्षीदार होत नाही.

३

मर्लो-पाँतीचा 'सेझानची शंका' हा निबंध डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे त्याचा 'संवेदनाची फिनॉमिनॉलॉजी' हा ग्रंथ ज्या वर्षी आला त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. (येथे 'संवेदन' हा शब्द वस्तूच्या साकल्याने होणाऱ्या जाणिवेसाठी वापरला आहे, 'संवेदना' हा सुटे रंग, सुटे ध्वनी यांच्यासाठी. या भेदाचे महत्त्व पुढे येईल.) निबंधाचा आरंभ श्रमांच्या हिशेबाने होतो : एका स्थिरवस्तुचित्रासाठी शंभर बैठका, एका व्यक्तिचित्रासाठी दीडशे. प्रश्न असा की, एवढा वेळ कशासाठी लागत होता? हात सफाईदार नव्हता म्हणून? डोळ्यांत दोष होता म्हणून? सेझानला स्वतःलाही अशी शंका येत असे. निबंधाच्या शीर्षकातील शंका ती हीच.

आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याने आपल्या व्यक्तिचित्रासंबंधी (१८९९) लिहून ठेवलेली आठवण येथे उद्बोधक आहे. त्याच्या सांगण्यानुसार एकशे पंधरा बैठकींनंतर सेझानने काम थांबविले, आणि तेव्हाही हातावर दोन छोट्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या. व्होलारने त्यांकडे लक्ष वेधले असता सेझानने दिलेल्या उत्तराचा आशय असा : तेथे उगाच काही तरी लावले, तर त्या बिंदूपासून आरंभ करून संपूर्ण चित्र पुन्हा रंगवावे लागेल. हे उत्तर लहरीपणाचे वाटण्याचा संभव आहे. त्यातील तर्क मात्र काटेकोर आहे. हातावरील एका ठिपक्याचा रंग हा त्या ठिकाणापुरता सुटा रंग नाही. तो कोटाशी, पाठीमागील भिंतीशी, चेहऱ्याशी एका संबंधात बांधलेला आहे. एक जागा बदलली की सर्व जागा बदलतात. आपले दिसणेही असेच असते, असे मर्लो-पाँतीचे प्रतिपादन आहे.

त्याच्या विवेचनाचे सामर्थ्य असे की, ते चित्रातील ठरावीक जागांवर बोट ठेवते. सेझानने काढलेल्या आपल्या पत्नीच्या एका व्यक्तिचित्रात तिच्या मागे भिंतीवरील कागदाची किनार आहे. तिच्या डाव्या व उजव्या अंगाला दिसणारे त्या किनारीचे दोन तुकडे एका सरळ रेषेत येत नाहीत. गुस्ताव झेफ्रुआच्या व्यक्तिचित्रात पुढील टेबल यथार्थदर्शनाचे नियम मोडून प्रेक्षकाच्या बाजूला पसरत येते. हे अज्ञान म्हणावे काय? मर्लो-पाँती मानसशास्त्रातील एका परिचित निरीक्षणाचा आधार घेतो. सरळ रेषेवर कागदाची रुंद पट्टी आडवी ठेवली, तर दोन्ही बाजूंना उरलेले रेषेचे भाग आपल्याला किंचित सरकलेले दिसतात. भूमितीच्या दृष्टीने रेषा सरळ आहे. दिसण्याच्या दृष्टीने ती तुटलेली आहे. कॅमेरा पहिली गोष्ट नोंदवितो, सेझान दुसरी. तसेच तिरक्या कोनातून दिसणारी बशी. भूमिती सांगते की, ती लंबवर्तुळ दिसली पाहिजे. परंतु आपल्याला लंबवर्तुळ दिसत नाही आणि पूर्ण वर्तुळही दिसत नाही. लंबवर्तुळाभोवती घुटमळणारा एक गोल दिसतो. सेझानच्या बशा तशा आहेत.

फळांच्या कडांचा प्रश्न तर याहून मूलगामी आहे. सफरचंदाभोवती एकच अखंड रेषा काढली, तर ते सपाट आकृतीत बंदिस्त होते आणि त्याची खोली नाहीशी होते. रेषा अजिबात काढली नाही, तर सफरचंद भोवतालच्या रंगात विरघळते. संस्कारवाद्यांच्या चित्रांत वस्तू प्रकाशात विरघळतात, तसे. सेझान निळ्या रंगाच्या अनेक रेषा शेजारी शेजारी काढतो. डोळा त्यांतील कोणत्याही एकीवर ठरत नाही. त्यांच्यामधून फिरत राहतो आणि त्या फिरण्यात फळाची गोलाई आकार घेते. कडा ही वस्तूच्या अंगी असलेली रेषा नव्हे. वस्तू जेथून वळते आणि आपल्या दृष्टीआड जाऊ लागते, ती जागा म्हणजे कडा. वस्तू आपल्याला एका वेळी पूर्ण कधीच दिसत नाही, आणि तरीही ती पूर्ण म्हणूनच आपल्यापुढे असते. वस्तूचे हे 'असणे' सेझानच्या त्या निळ्या रेषांत पकडले गेले आहे. 'असणे प्रकट होते' या शब्दांना येथे एक निश्चित, दाखवून देता येण्याजोगा अर्थ मिळतो.

सेंट-व्हिक्त्वार पर्वताची उत्तरकालीन चित्रे (१९०२ ते १९०६) या दृष्टीने पाहावीत. त्यांत डोंगर, झाडी, घरे आणि आकाश एकाच जातीच्या रंगठशांनी बनलेली आहेत. काही चित्रांत खालच्या झाडीतील हिरवा रंग वर आकाशातही उतरला आहे, काहींत कोरा कॅनव्हास जागोजाग उघडा आहे. जवळून पाहिले तर केवळ ठसे. दूर गेले की डोंगर. परंतु हे दूर आणि जवळ असे दोन वेगळे अनुभव राहत नाहीत. डोंगर ठशांमधून उभा राहत असताना ठसे ठसेच राहतात. तयार डोंगराचे वर्णन न करता डोंगराचे दिसू लागणे रंगविणे, असे सेझानच्या प्रकल्पाचे वर्णन करता येईल. पहिल्या विभागातील परिभाषेत बोलायचे तर, ही चित्रे 'मी डोंगर पाहतो' या वाक्याकडून 'मला डोंगर दिसतो' या वाक्याकडे जातात.

४

या विवेचनावरील आक्षेपांचा विचार केल्यावाचून ते स्वीकारणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप साधनांविषयीचा. मर्लो-पाँती सेझानच्या उद्गारांसाठी एमिल बेर्नार आणि जोआशिम गास्के यांच्यावर विसंबतो. गास्केचे पुस्तक १९२१ मध्ये, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी आले. त्यातील काव्यमय संवादांत सेझान किती आणि गास्के किती, याविषयी अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत. निबंधाचा जो भाग या उद्गारांवर उभा आहे, तो म्हणूनच कच्चा मानावा लागेल. किनार, टेबल, बशी आणि फळाची कडा यांवर उभा असलेला भाग मात्र या शंकेने डळमळत नाही. त्याची साक्ष चित्रे देतात. वर सांगितलेल्या कसोटीचे मोल येथे स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप असा की, आधुनिक चित्रकलेलाच हा मान का? दिसण्याची रचना सर्वकालीन असेल, तर ती सेझाननेच काय म्हणून प्रकट करावी? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. पंधराव्या शतकात आल्बेर्तीने (१४३५) सिद्धांतरूपाने मांडलेले यथार्थदर्शन हे एका स्थिर डोळ्याचे, खिडकीतून पाहणाऱ्याचे शास्त्र आहे. त्याने चित्रकलेला अपार सामर्थ्य दिले. पण काळाच्या ओघात ती एक रीत आहे, हेच विसरले गेले आणि तेच निसर्गतः दिसणे होय, असे मानले गेले. ती रीत आहे, हे पानोफ्स्कीसारख्या कलेतिहासकाराने १९२० च्या दशकात विवेचनातून दाखविले. सेझानने त्याआधी रंगवून दाखविले. आधुनिक चित्रकला असण्याच्या अधिक जवळ आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतून किंवा जॉत्तोच्या चित्रांतून दिसणे प्रकट होत नव्हते, असे कोण म्हणेल? आधुनिक चित्रकलेचे वेगळेपण एवढेच की, तिच्यासाठी दिसणे ही गृहीत गोष्ट राहिली नाही. तो तिचा प्रश्न झाला. हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, याची कबुली व्होलारच्या हातावरील त्या दोन कोऱ्या जागा देतात.

तिसरा आक्षेप मर्लो-पाँतीच्या उत्तरकालीन लेखनाविषयी. 'डोळा आणि मन' हा निबंध त्याने १९६० च्या उन्हाळ्यात, सेझानच्याच प्रदेशात, ल थोलोने येथे लिहिला. १९६१ मध्ये, त्याच्या अकाली मृत्यूच्या वर्षीच, तो प्रसिद्ध झाला. त्यातील देकार्तची चिकित्सा अत्यंत मार्मिक आहे. देकार्त दृष्टीचा विचार करताना चित्रांची उदाहरणे घेतो ती तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव ठशांची, म्हणजे केवळ रेषांची. रंग त्याच्या दृष्टीने गौण असतो, कारण रंगाचे गणित मांडता येत नाही. परंतु याच निबंधात पाहणारा आणि दिसणारे एकाच 'देहा'चे घटक आहेत, वस्तूच चित्रकाराकडे पाहतात, अशी भाषा येते. ती मोहक आहे, आणि आपल्याकडील अद्वैताच्या परिभाषेशी तिचा सांधा चटकन जुळविण्याचा मोह मराठी अभ्यासकाला होतो. तो मोह आवरावा, असे मला वाटते. १९४५ च्या निबंधातील विधाने चित्रापुढे उभे राहून तपासता येतात. १९६१ च्या निबंधातील पुष्कळशी विधाने केवळ मान्य किंवा अमान्य करता येतात.

शिवाय ही कसोटी अमूर्त चित्रकलेला कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतोच. मिशेल आँरी याने १९८८ मध्ये कांडिन्स्कीवर लिहिलेल्या ग्रंथात चित्रकलेचा खरा विषय दृश्य जग नसून अदृश्य आंतरिक जीवन आहे, असे मानले; म्हणजे फिनॉमिनॉलॉजीच्याच परंपरेतून मर्लो-पाँतीच्या विरुद्ध टोक गाठले. जेथे सफरचंद नाही, तेथे सफरचंदाच्या कडेचा युक्तिवाद चालणार नाही, हे उघड आहे. परंतु रंग कसा पुढे येतो, मागे सरतो, प्रेक्षकाच्या शरीराला कसा हलवितो, हे तेथेही दाखवून देता येते. आणि ते दाखविल्याशिवाय 'आंतरिक जीवन' हा शब्द वापरण्याचा अधिकार मिळत नाही.

५

आता मराठी सौंदर्यविचाराकडे वळू. वर उल्लेखिलेल्या सेझानच्या 'चुकां'चे आणखी एक स्पष्टीकरण उपलब्ध आहे. इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय याने १९२७ मध्ये आणि अमेरिकन चित्रकार अर्ल लोरन याने १९४३ मध्ये सेझानच्या चित्ररचनेचे सूक्ष्म विश्लेषण केले. त्यांच्या दृष्टीने रेषा सरकतात, टेबले कलतात, ती चित्रफलकाचा तोल साधण्यासाठी. मर्ढेकरांची भूमिका या रूपवादाला जवळची आहे. त्यांच्या मते चित्रकलेचे माध्यम दृक्संवेदना हे होय, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनुसार झालेल्या या संवेदनांच्या रचनेत सौंदर्य असते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील ही मांडणी आपल्या पिढ्यांनी अभ्यासली, तिच्यावर वाद केले आणि त्या वादांतून मराठी सौंदर्यशास्त्र घडले.

मर्लो-पाँतीचा विचार या मांडणीच्या पायाशीच भिडतो. शुद्ध, सुटी संवेदना ही वस्तुस्थिती नसून विश्लेषणाची निर्मिती आहे, असे त्याच्या ग्रंथाच्या आरंभीचेच प्रकरण सांगते. गालिच्याचा तांबडा हा आधी 'तांबडा' असून मग त्याला लोकरीचा मऊपणा चिकटतो, असे होत नाही. तो पहिल्यापासूनच लोकरीचा तांबडा असतो. असे असेल, तर संवेदना हे माध्यम आणि लय ही त्याची रचना, हे विभाजनच पुन्हा तपासावे लागते. सेझानच्या चित्रातील निळ्या रेषांचा समतोल आणि सफरचंदाचे गोल असणे, या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. चित्र तोललेले आहे, म्हणूनच वस्तू उभी राहते. आणि वस्तू उभी राहावी या ओढीनेच तोल शोधला जातो. फ्राय व मर्लो-पाँती एकाच सरकलेल्या रेषेकडे बोट दाखवितात. पहिला तिला चित्राच्या आत ठेवतो, दुसरा तिच्यातून जगाकडे जातो.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात स्वायत्ततावाद व लौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव दाखवून दिले आणि त्यांतील ताण हाच या विचाराचा प्राण आहे, हे स्पष्ट केले. त्या चौकटीत मर्लो-पाँतीचा सेझान कोठे बसेल? तो लौकिकतावादी नाही, कारण त्याचे चित्र लौकिक भावनांचे वा उपयोगांचे वाहक नाही. तो स्वायत्ततावादीही नाही, कारण त्याची सारी तपश्चर्या डोंगरासाठी आहे. कला लौकिकाहून वेगळी आहे, कारण लौकिक व्यवहारात जे दिसणे आपण ओलांडून जातो, तेथेच ती थांबते. आणि ती लौकिकाशी बांधलेली आहे, कारण ते दिसणे याच जगाचे आहे. ही शक्यता आपल्या सौंदर्यशास्त्रीय चर्चेत पुरेशी तपासली गेलेली नाही. सार्त्र आपण वाचला, त्यातून साहित्याची बांधिलकी आणि माणसाचे एकाकीपण यांवर भरपूर लिहिले. त्याच्याच पिढीतील, एके काळी त्याच्याबरोबर एकाच नियतकालिकाचे काम पाहणारा मर्लो-पाँती मात्र आपल्या अभ्यासाच्या कडेलाच राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून काय घ्यावयाचे आहे, हा शेवटचा प्रश्न. चित्रकलेविषयीचे निष्कर्ष कवितेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. रंगठसा आणि शब्द यांच्या असण्यात भेद आहे, आणि तो पुसून टाकणारी 'चित्रमय' समीक्षा दोन्ही कलांवर अन्याय करते. घ्यावयाची आहे ती शिस्त. एखाद्या कवितेत वस्तू प्रकट होते, असे म्हणावयाचे असेल, तर कोणत्या ओळीत, कोणत्या क्रियापदामुळे, कोणत्या खंडामुळे ती प्रकट होते, हे दाखविण्याची जबाबदारी समीक्षकावर येते. तेथे बोट ठेवता येत नसेल, तर ते विधान करू नये.

ही शिस्त वर्गातून सुरू व्हावयास हवी. एके काळी ग्रंथालयातील पुस्तकांत सेझानची चित्रे काळ्या-पांढऱ्या ठशांत आणि पोस्टकार्डाएवढ्या आकारात मिळत. त्यांत निळ्या रेषांचा युक्तिवाद तपासणे अशक्यच होते, आणि शिक्षकाला तत्त्वज्ञानाच्या वाक्यांवर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नसे. आज मोठ्या संग्रहालयांतील चित्रांच्या उत्तम प्रतिमा कोणत्याही महाविद्यालयात पडद्यावर दाखविता येतात. मूळ चित्राचा आकार व रंगाचा पोत त्यांत येत नाही, हे खरे. तरी किनार कोठे तुटली आहे आणि कडा किती रेषांची आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः मोजता येते. 'आधुनिक चित्रकला असणे प्रकट करते' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक तास त्या सफरचंदांसमोर घालवावा. त्यानंतर ते वाक्य लिहिण्याची गरज वाटलीच, तर त्याचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यांना विचारता येईल. आणि ते उत्तर देताना पुस्तकाकडे न पाहता पडद्याकडे पाहतील.